जिंकणारा खेळाडू कफल्लक का होतो?

पोकर हा पत्त्यांचा खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद जुना असला, तरी पुरेसे डाव खेळले गेले की चांगला खेळाडू कच्च्या खेळाडूचे पैसे घेऊन उठतो, हे सहसा दोन्ही पक्षांना मान्य असते. मात्र हे मान्य केले की एक कोडे उभे राहते. ज्यांच्या कौशल्याविषयी प्रतिस्पर्ध्यांच्या मनातही शंका नव्हती, असे या खेळातील कित्येक नामवंत पुन्हा पुन्हा निष्कांचन झाले आणि दुसऱ्याच्या पैशावर खेळू लागले. उलट त्यांच्याहून बेताच्या कुवतीचे अनेक जण वर्षानुवर्षे याच खेळावर घर चालवत राहिले. कौशल्यच जर अखेर निर्णायक ठरत असेल, तर असे का व्हावे? याचे उत्तर पत्त्यांपेक्षा टेबलावर बसण्यापूर्वी केलेल्या, किंवा न केलेल्या, हिशेबात अधिक सापडते. खेळासाठी घरखर्चापासून पूर्णपणे वेगळी काढलेली रक्कम, जिला पोकरच्या जगात बँकरोल म्हणतात आणि मराठीत गंगाजळी म्हणता येईल, ती किती असावी, तिच्यातला किती भाग एका वेळी पणाला लावावा, आणि ठरवलेले प्रमाण हरत असतानाही कसे पाळावे, हा त्या हिशेबाचा विषय आहे.

पत्ते, पॉट आणि नाल

पोकरचे अनेक प्रकार असले, तरी आज सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम. त्यात प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात, टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच सामाईक पत्ते उघडले जातात आणि या सातांतून ज्याचे पाच पत्ते सर्वांत वरचढ ठरतील, किंवा ज्याच्या बोलीपुढे बाकी सगळे पत्ते टाकतील, तो मध्ये जमलेली रक्कम, म्हणजे पॉट, घेतो. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला दोन खेळाडूंना सक्तीची बोली लावावी लागते. तिला ब्लाइंड म्हणतात आणि त्यांतला मोठा ब्लाइंड हे या खेळातील मोजमापाचे एकक आहे. टेबलावर बसताना साधारणपणे १०० मोठ्या ब्लाइंडइतकी रक्कम समोर ठेवली जाते, तिला बाय-इन म्हणतात. नो-लिमिट प्रकारात खेळाडूला समोरची सगळी रक्कम कोणत्याही क्षणी पुढे सरकवता येते, म्हणजेच एक बाय-इन एका डावात जाऊ शकतो.

खेळवणारी संस्था स्वतः खेळत नाही. ती पॉटमधून ठरावीक हिस्सा कापते. त्याला रेक म्हणतात, आणि पत्त्यांच्या अड्ड्यांवर ज्याला नाल म्हणतात तो हाच प्रकार होय. त्यामुळे टेबलावरच्या सर्वांचा मिळून हिशेब नेहमी तोट्याचाच असतो, आणि नफ्यात राहू पाहणाऱ्याने इतरांहून नुसते सरस असून भागत नाही. नाल वजा जाऊनही काही उरावे, इतके सरस असावे लागते.

असे सरसपण डावागणिक किती फिके असते, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. सुरुवातीच्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी सर्वांत वरची, आणि ती २२१ डावांतून सरासरी एकदा येते. समोरच्याकडे राजांची जोडी असताना दोघांनी सामाईक पत्ते उघडण्यापूर्वीच सर्व रक्कम लावली, तर एक्केवाला सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतो. म्हणजे याहून चांगली स्थिती क्वचितच वाट्याला यावी अशा प्रसंगीही साडेपाच वेळांत एकदा तो सगळे गमावतो, आणि त्यात त्याची चूक काहीच नसते. बहुतेक डावांतले पारडे तर याच्याहून कितीतरी कमी झुकलेले असते.

हजार रुपयांचे चौदा पैसे

पारडे आपल्या बाजूला असूनही माणूस कसा बुडतो, हे पाहण्यासाठी पोकर क्षणभर बाजूला ठेवून साधी नाणेफेक घेऊ. नाणे किंचित वाकडे आहे आणि खेळणाऱ्याच्या बाजूने ते १०० पैकी ५५ वेळा पडते. जिंकल्यास लावलेल्या रकमेइतकीच भर, हरल्यास तेवढीच वजावट. खेळणाऱ्याकडे १,००० रुपये आहेत आणि दर वेळी जवळ असेल त्याचा निम्मा भाग तो लावतो. पहिली फेक जिंकली तर १,५००, दुसरी हरली तर ७५०: एक जीत आणि एक हार यांत बरोबरी होण्याऐवजी चौथा हिस्सा गेला. अशा १०० फेकांत अपेक्षेप्रमाणे ५५ जिती आणि ४५ हारी झाल्या, मग त्या कोणत्याही क्रमाने होवोत, तर हजार रुपयांचे शेवटी सुमारे १४ पैसे उरतात.

आता तोच माणूस, तेच नाणे, आणि त्याच ५५ जिती. फक्त दर वेळी निम्म्याऐवजी दहावा हिस्सा लावला, तर १०० फेकांअंती हजाराचे सुमारे १,६५० रुपये होतात. पाचवा हिस्सा लावला, तर ९८६. नाणे कुठेच बदललेले नाही आणि खेळणाऱ्याचे कौशल्यही नाही, बदलला तो केवळ लावलेला हिस्सा. तरीही एकाला नफा, दुसऱ्याला जवळजवळ बरोबरी आणि तिसऱ्याला सर्वनाश, अशी तीन फळे मिळाली.

या मागचे गणित अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमधील शास्त्रज्ञ जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडले. त्यांचा निबंध मुळात संदेशवहनाच्या सिद्धान्ताविषयी होता, पण त्यातून निघालेले सूत्र पैजांच्या जगाने उचलले. बरोबरीच्या पैजेत जिंकण्याच्या शक्यतेतून हरण्याची शक्यता वजा करावी आणि उरेल तेवढा हिस्सा लावावा, असे त्याचे सोपे रूप आहे: ५५ मधून ४५ गेले, उरले १० टक्के. याहून कमी लावल्यास वाढ मंदावते, पण होत राहते. याच्या दुपटीपर्यंत गेल्यास वाढ जवळजवळ शून्यावर येते. त्यापुढे पारडे आपल्या बाजूला असूनही रक्कम आटत जाते. चुकण्याची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नसल्याने जाणते लोक केलीच्या आकड्याच्याही निम्म्यावर थांबतात. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात कॅसिनोवर मात करण्याची रीत १९६२ च्या ‘बीट द डीलर’ या पुस्तकात मांडली. किती लावावे यासाठी तोही केलीच्याच सूत्राकडे वळला होता. पोकरमध्ये मात्र जिंकण्याची शक्यता कोणी आधी सांगत नाही, आणि आपल्या कौशल्याविषयीचा खेळाडूचा अंदाज बहुधा चढाच असतो. सावधगिरीचे हे आणखी एक कारण.

चढउतार किती मोठे असतात

नियमित खेळणारे आपली सरासरी दर १०० डावांमागे किती मोठे ब्लाइंड मिळाले यावर मोजतात. नाल वजा जाता ५ हा आकडा चांगल्या खेळाडूचा समजला जातो. निकाल या सरासरीपासून साधारणपणे किती दूर भरकटतात, याच्या मापाला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, आणि सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर ते १०० डावांमागे ८० ते १०० ब्लाइंडच्या घरात असते. म्हणजे कमाई पाचाची आणि हेलकावे नव्वदाचे.

डाव वाढत गेले की कमाई त्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते, हेलकावे मात्र संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. म्हणून दीर्घकाळात कौशल्य वर येते. प्रश्न दीर्घकाळ किती दीर्घ, हा आहे. १०,००० डावांत या खेळाडूची अपेक्षित कमाई ५०० ब्लाइंड आणि प्रमाण विचलन ९०० ब्लाइंड. त्यावरून पाहता एवढे डाव खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के निघते. सारख्याच कौशल्याच्या सात खेळाडूंपैकी दोघे, काहीही न चुकता, तोट्यात असतील. प्रत्यक्ष टेबलावर तासाला जेमतेम ३० डाव होतात, तेव्हा आठवड्यातून दोन संध्याकाळी चार-चार तास बसणाऱ्याचे १०,००० डाव पुरे व्हायला नऊ-दहा महिने लागतात. इतके महिने नीट खेळून हाती तोटा आल्यावर आपण खरोखर चांगले आहोत की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

कोरडवाहू शेतीत पहिल्या सरींवर भुलून सगळे बियाणे एकदम मातीत घातले आणि पुढे पावसाने दडी मारली, तर रान कितीही कसदार असो, दुबार पेरणीला घरात काही उरत नाही. गंगाजळीचे काम या दुबार, प्रसंगी तिबार पेरणीचे आहे. रानाचा कस म्हणजे खेळाडूचे कौशल्य. ते पीक देते, पण पेरायला काही शिल्लक असेल तेव्हाच.

किती शिल्लक असावे, याचेही उत्तर गणित देते. वरील खेळाडूने, म्हणजे सरासरी ५ आणि विचलन ९० असलेल्याने, १० बाय-इन घेऊन सुरुवात केली आणि तो कायम त्याच टेबलावर खेळत राहिला, तर केव्हा ना केव्हा सगळे गमावण्याचा धोका सुमारे २९ टक्के असतो. २० बाय-इन असतील तर तो आठ-साडेआठ टक्क्यांवर येतो, ३० असतील तर अडीच टक्क्यांवर आणि ४० असतील तर एका टक्क्याच्याही खाली. रोखीच्या टेबलासाठी २० ते ३० बाय-इनची गंगाजळी हवी, हा खेळाडूंमधला रूढ संकेत या आकड्यांशी जुळतो. सरासरी निम्मी झाली, तर तितक्याच सुरक्षिततेसाठी दुप्पट गंगाजळी लागते. आणि सरासरी शून्य किंवा उणे असेल, तर कोणतीही रक्कम कधीच पुरत नाही. हरणाऱ्या खेळाडूला काटेकोर हिशेब जिंकवत नाही, फक्त सावकाश हरवतो. गंगाजळीचे नियम शिकवणाऱ्या पुस्तकांनी हे वाक्य पहिल्या पानावर छापायला हवे, पण तसे सहसा होत नाही.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. खेळातून मिळालेले पैसे महिन्याकाठी घरखर्चाला काढून घेतले, तर तेवढ्याने गंगाजळीची सरासरी वाढ घटते. मिळाले तेवढे सगळे काढून घेतले, तर ती शून्य होते आणि उशिरा का होईना, बुडणे अटळ ठरते. म्हणून पोकरवर उपजीविका करणारे घरखर्चाची काही महिन्यांची तरतूद गंगाजळीत न धरता वेगळी ठेवतात, आणि हौशी खेळाडूपेक्षा त्यांना गंगाजळीही मोठी लागते.

स्पर्धांचे, म्हणजे टूर्नामेंटचे, गणित याहून कठोर आहे, कारण तिथे बक्षिसे मूठभर लोकांत वाटली जातात. २००३ च्या वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ८३९ जणांनी प्रत्येकी १०,००० डॉलर प्रवेशमूल्याच्या जागा घेतल्या होत्या. त्यांतून ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूने एकट्याने २५ लाख डॉलर नेले. तो स्वतः अवघ्या ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून तिथे पोहोचला होता. या बातमीने लाखो लोक खेळाकडे ओढले गेले, पण बहुसंख्य स्पर्धांतून रिकाम्या हाताने परतणे हाच तिथला नियम असल्याने स्पर्धा खेळणारे १०० किंवा त्याहून अधिक प्रवेशमूल्यांची गंगाजळी राखतात.

चौकट: फर्ग्युसनने स्वतःला घालून घेतलेले नियम

वर्ल्ड सीरीजच्या मुख्य स्पर्धेचा २००० सालचा विजेता ख्रिस फर्ग्युसन याने २००६ मध्ये ऑनलाइन पोकरवर शून्य डॉलरपासून १०,००० डॉलरपर्यंत जाण्याचा प्रयोग सुरू केला. सुरुवात प्रवेशमूल्य नसलेल्या स्पर्धांतून झाली आणि प्रयोग पुरा व्हायला सुमारे दीड वर्ष लागले. त्याचे मुख्य नियम असे होते:

रोखीच्या टेबलावर बसताना गंगाजळीच्या ५ टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची नाही.

अनेक टेबलांच्या स्पर्धेला २ टक्क्यांहून अधिक प्रवेशमूल्य भरायचे नाही.

जिंकता जिंकता टेबलावरची रक्कम एकूण गंगाजळीच्या १० टक्क्यांवर गेली, की पुढचे ब्लाइंड येताच उठायचे.

अगदी खालच्या टेबलांना पहिल्या दोन नियमांतून थोडी सूट होती, अन्यथा प्रयोग सुरूच झाला नसता.

या नियमांतला तिसरा विशेष लक्षवेधी आहे, कारण तो जिंकणाऱ्याला उठवतो. या प्रयोगाला पुढे एक विचित्र तळटीप जोडली गेली. फर्ग्युसन ज्या फुल टिल्ट पोकर कंपनीच्या संचालकांपैकी होता, तिने खेळाडूंनी ठेवलेल्या रकमा वेगळ्या राखल्या नाहीत, असा आरोप अमेरिकी सरकारने २०११ मध्ये केला आणि असंख्य खेळाडूंचे पैसे दीर्घकाळ अडकले. गंगाजळी कोणाकडे ठेवली आहे, हाही तिच्या व्यवस्थापनाचाच भाग असल्याचे खेळाडूंना त्या वर्षी कळले.

अधिक खोल खिसा

दोन असमान खिशांचे खेळाडू बरोबरीचा खेळ खेळत राहिले तर काय होते, हा प्रश्न सतराव्या शतकातला आहे. ब्लेझ पास्कालने तो मांडला आणि क्रिस्तिआन हायगेन्सच्या १६५७ च्या ग्रंथात तो छापला गेला. एकाकडे १,००० रुपये, दुसऱ्याकडे ९,०००, आणि दर वेळी एकेक रुपया लावत कोणीतरी बुडेपर्यंत खेळायचे, तर पहिला बुडण्याची शक्यता ९० टक्के. खेळ अगदी समतोल असूनही खिसा निर्णय देतो.

डॅलसचा बँकर अँडी बील याने २००१ पासून लास व्हेगासमध्ये नेमका हाच डाव टाकला. तेथील नामवंत व्यावसायिकांशी तो एकास एक खेळू लागला आणि बोली इतकी वाढवत नेली की २००४ मध्ये ती १ लाख आणि २ लाख डॉलरच्या टप्प्यांवर पोहोचली. त्या पातळीवर एकट्या व्यावसायिकाची गंगाजळी अपुरी होती. कौशल्य असूनही ते भीतीने कचरून खेळतील, हा बीलचा तर्क बिनतोड होता. व्यावसायिकांनी त्याला दिलेले उत्तरही गणिताचेच होते: डॉयल ब्रन्सन, जेनिफर हार्मन आदींनी पैसे एकत्र करून सामाईक गंगाजळी उभी केली आणि आपल्यातला एकेक जण तिच्या वतीने बसवला. फेब्रुवारी २००६ मध्ये बीलने आधी मोठी रक्कम जिंकली, तेव्हा हा सामाईक कोष हादरला, पण आटला नाही. त्याच महिन्यात या गटातल्या फिल आयव्ही याने तीन दिवसांत १ कोटी ६० लाखांहून अधिक डॉलर परत आणले. एकेकटे खेळले असते, तर आयव्हीची पाळी येण्याआधीच बाकीचे संपले असते.

टिल्ट: नियम मोडण्याची वेळ

इथवरचे सगळे गणित कागदावर अर्ध्या तासात समजते, तरीही ते पाळणारे थोडे असतात, कारण ते मोडण्याची ओढ नेमकी ज्या घडीला लागते, त्या घडीला खेळाडूची विचारशक्ती शाबूत नसते. एक्क्यांची जोडी असलेला खेळाडू शेवटच्या पत्त्यावर हरतो. नंतरच्या डावात त्याच्याकडे किलवर राजा आणि चौकट नव्वी येते. एरवी हे पत्ते त्याने निमूटपणे टाकले असते. आता तो बोली वाढवतो, कोणी उलट वाढवली तर तीही स्वीकारतो, आणि तासाभराने एटीएमकडे जातो किंवा गेलेले लवकर भरून यावे म्हणून दुप्पट बोलीच्या टेबलावर जाऊन बसतो. या अवस्थेला पोकरमध्ये टिल्ट म्हणतात.

मानसशास्त्राने याची उकल बऱ्यापैकी केली आहे. डॅनियल काहनेमन आणि अॅमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवले, की माणसाला मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचा सल अधिक बोचतो, आणि खात्रीच्या तोट्यापुढे तो एरवी टाळला असता असा धोका पत्करतो. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांच्या १९९० च्या अभ्यासात याच्या दोन बाजू आल्या: नुकते जिंकलेले पैसे परक्याचे समजून माणूस ते सैलपणे लावतो, आणि हरत असताना बरोबरीवर आणून सोडणारा पर्याय त्याला विशेष खुणावतो. पहाटे अड्ड्यावरून न उठणाऱ्याचे ‘एवढे भरून निघाले की उठतो’ हे वाक्य म्हणजे या दुसऱ्या निष्कर्षाचेच बोलभाषेतले रूप होय.

यामुळे एक मजेदार विसंगती निर्माण होते. तीन बाय-इन गेले की त्या दिवसापुरते उठायचे, हा नियम अनेक जण पाळतात. शुद्ध गणिताच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही, कारण पत्त्यांना आदल्या डावाची आठवण नसते आणि उद्याचा पहिला डाव आजच्या पुढच्या डावाहून वेगळा नसतो. पण खेळाडूला आठवण असते, आणि तीन बाय-इन हरलेल्या खेळाडूची सरासरी ५ राहिलेली नसते, ती उणे झालेली असण्याचा संभव मोठा असतो. म्हणून हा नियम गणितात निरर्थक असूनही व्यवहारात योग्य ठरतो, मात्र तो टेबलावर बसण्यापूर्वी ठरलेला असावा लागतो. याहून अवघड नियम खालच्या टेबलावर उतरण्याचा आहे. गंगाजळी २० बाय-इनच्या खाली आली की लहान ब्लाइंडच्या टेबलावर जावे, म्हणजे तेवढ्याच रकमेचे पुन्हा ३०-४० बाय-इन होतात. त्यात पैशाचे काहीच जात नाही, जातो तो फक्त मान, आणि बहुतेकांना तोच सोडवत नाही.

अंगरची गळती

स्टू अंगर याने वर्ल्ड सीरीजची मुख्य स्पर्धा १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा जिंकली. त्याआधी जिन रमीत त्याचा इतका दरारा होता की त्याच्याशी पैसे लावून खेळायला कोणी तयार होईना. १९९७ चे प्रवेशमूल्य भरण्याइतकेही पैसे त्याच्याकडे नव्हते. ते दुसऱ्या खेळाडूने भरले आणि जिंकलेल्या १० लाख डॉलरचा निम्मा वाटा त्याला गेला. उरलेला निम्मा काही महिन्यांत संपला, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये लास व्हेगासमधल्या एका स्वस्त मोटेलमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, अंगर मृतावस्थेत सापडला. पत्त्यांवर त्याला कोणी लुबाडले नव्हते. अमली पदार्थांखेरीज त्याचा पैसा घोड्यांच्या शर्यतींवर आणि खेळांच्या सामन्यांवरील पैजांवर गेला, म्हणजे जिथे त्याला कोणतेही सरसपण नव्हते तिथे. खेळाडू याला लीक, म्हणजे गळती, म्हणतात. एका खेळातली धन सरासरी दुसऱ्या खेळातल्या उणे सरासरीत ओतली, की एकूण सरासरी उणे होते आणि मग वरचे सूत्र आपले काम करते.

भारतातील हिशेब

भारतीय खेळाडूपुढे या गणितात आणखी दोन पदे येतात, कायदा आणि कर. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. १९७६ मध्ये केलेला कॅसिनोविषयक कायदा कधीच अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. गोव्यात १९७६ च्या कायद्यात १९९० च्या दशकात झालेल्या दुरुस्त्यांमुळे मांडवीतल्या जहाजांवर कॅसिनो चालतात. ऑनलाइन पैशाचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, पुरवण्यावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने बंदी घातली.

कराचा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर लागतो आणि तिच्यातून हरलेल्या रकमेची वजावट सहसा मिळत नाही. गोव्यात वर्षभरात वेगवेगळ्या बैठकांतून ६ लाख जिंकलेल्या आणि ५ लाख हरलेल्या खेळाडूच्या वहीत १ लाखाचा नफा दिसतो; कर ६ लाखांवर, उपकर सोडूनही १ लाख ८० हजार होतो. नाल भरून, शिस्त पाळून, तोट्यात जाणाऱ्या २९ टक्क्यांत न पडताही त्या वर्षी तो ८० हजारांनी तोट्यात असतो, आणि अशा सरासरीला पुरेल एवढी गंगाजळी कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.